फादर स्टीफन्स आणि त्यांची हरवलेली पोथी

आमच्या सेलू गांवांतील जुनीं घरें पाहिलीं, तर पुष्कळांच्या देवघरांत तांबड्या फडक्यांत बांधलेली एखादी पोथी अजूनही दिसते. आजोबांनीं ती वाचलेली असते. त्यांच्या आजोबांनीं ती कोणाकडून तरी उतरवून घेतलेली असते. आतां मात्र ती वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, हळदकुंकू वाहण्यापुरती खालीं येते. पानांच्या कडा झिजलेल्या, शाई कोठें कोठें पुसलेली, आणि मधलीं चारदोन पानें केव्हांच नाहींशीं झालेलीं. घरांतील शाळकरी मुलानें ती उघडली म्हणजे त्याला सहज वाटतें कीं, हाच ग्रंथ बाजारांत स्वच्छ छापलेला मिळत असतां ही जीर्ण चोपडी ठेवावयाची ती कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर मला एका परदेशी धर्मगुरूच्या चरित्रांत मिळालें. त्यांनीं मराठींत एक प्रचंड पुराण रचलें. तें पाउणशेंच्या आंत नव्हे, तर अवघ्या चाळीस वर्षांत तीन वेळां छापलें गेलें. आणि तरीही त्या छापील प्रतींपैकीं एकही आज कोणाजवळ असल्याचें आढळलेलें नाहीं. पुराण वांचलें तें हातानें लिहिलेल्या प्रतींमुळें. आणि त्यांपैकीं देवनागरी लिपींतली प्रत तर लंडन विद्यापीठांतील एका ग्रंथसंग्रहांत, जेथें मराठी पोथी शोधावयास कोणी गेलाही नसता अशा जागीं, मुकाट्यानें पडून होती. त्या धर्मगुरूंचें नांव फादर थॉमस स्टीफन्स.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाचें एक खेडें आहे. तेथें १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील लंडनचे व्यापारी. त्या काळीं इंग्लंडांत धर्मपंथांवरून मोठी तेढ माजलेली होती, व एलिझाबेथ राणीच्या राज्यांत रोमन कॅथॉलिक पंथाच्या लोकांस उघडपणें उपासना करणें दुरापास्त झालें होतें. स्टीफन्स ह्यांचे थॉमस पाउंड नांवाचे एक खानदानी स्नेही होते. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत, म्हणजे ज्यांस आपण जेझुइट म्हणतों त्यांच्या संघांत, शिरण्याचा बेत केला. आणि कोणास संशय येऊं नये म्हणून स्टीफन्स हे पाउंडसाहेबांचे नोकर बनून त्यांच्याबरोबर हिंडूं लागले. बेत अर्धाच तडीस गेला. पाउंड पकडले गेले व त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत जाण्यांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघांत दाखल झाले.

साडेतीन वर्षांनीं त्यांस हिंदुस्थानांत जाण्याची परवानगी मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतांचा तांडा निघाला; तो त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरास गोव्याला लागला. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास! गलबतावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं सत्तावीस दगावलीं. आणि इतर खेपांच्या मानानें ही हानि थोडीच, असें खलाशी समजत. पोंचल्यावर तीन आठवड्यांच्या आंत स्टीफन्स ह्यांनीं वडिलांस लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत धर्मोपदेश थोडा आणि निरीक्षण फार आहे: भूमध्यरेषेजवळची निवांत हवा, केप ऑफ गुड होपजवळ दिसणारे पक्षी, पाण्यावरून वाहत येणारें गवत, पूर्वपश्चिम दिशेंत आपण कोठवर आलों हें ठरवितांना खलाशांची उडणारी तिरपीट. हें पत्र हॅक्लूइट नांवाच्या संग्राहकानें १५८९ सालीं आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथांत छापलें, आणि इंग्लंडांतील व्यापाऱ्यांचें लक्ष हिंदुस्थानाकडे वळविण्यास तें कांहीं अंशीं कारण झालें. हिंदुस्थानांत येऊन कायमचे राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स ह्यांचें नांव घेतात. ते पुन्हां मायदेशीं गेले नाहींत. पुढचीं चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांतच, आणि तींही बहुतेक साष्टी महालांत, काढलीं.

ही साष्टी त्या वेळीं सुखी नव्हती, हें आपण विसरतां कामा नये. १५४३ सालीं बारदेश व साष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यांत आले. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलें. १५६७ सालीं साष्टींतील देवालयें पाडण्यांत आलीं. देवांच्या मूर्तींबरोबर पोथ्यांवरही गदा आली; पुराणें बाळगणें व वाचणें ह्यांस बंदी झाली. ज्या घराण्यांनीं नवा धर्म घेतला त्यांचीं जुनीं पुस्तकें गेलीं, आणि ज्यांनीं घेतला नाहीं त्यांतील पुष्कळांनीं देव व पोथ्या बरोबर घेऊन नदीपलीकडच्या मुलुखांत घर केलें. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं ह्या असंतोषाचा भडका उडाला. गांवकऱ्यांनीं पांच जेझुइट धर्मगुरूंना व त्यांच्या सोबत्यांना ठार मारलें. मृतांमध्यें रुडॉल्फ अक्वाव्हिव्हा हे होते. ते नुकतेच अकबर बादशहाच्या फत्तेपूर शिक्रीच्या दरबारांत तीन वर्षें राहून परतले होते. ह्या पांचांचे देह मिळवून त्यांचा अंत्यविधि करण्याचें दुःखद काम स्टीफन्स ह्यांच्या वांट्यास आलें. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून दगलबाजीनें मारविलें. दोन्ही बाजूंचें रक्त ज्या मातींत सांडलें, त्याच मातींत स्टीफन्स ह्यांना राहावयाचें होतें आणि लोकांशीं बोलावयाचें होतें.

त्याच वर्षीं आणखी एक प्रसंग घडला, तो आपल्या मुलुखाशीं थोडा जोडलेला असल्यामुळें सांगतों. राल्फ फिच, न्यूबेरी वगैरे चार इंग्रजांस ओर्मूझ बेटावर पकडून गोव्यांत कैदेंत टाकण्यांत आलें. परक्या देशांत आपल्या भाषेचा माणूस भेटावा, तसे त्यांना स्टीफन्स भेटले. त्यांनीं व इतर कांहीं सज्जनांनीं खटपट करून त्यांना जामिनावर सोडविलें. फिच पुढें १५८४ सालीं गोव्यांतून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर असा करीत उत्तरेस गेला. गोवळकोंड्याहून बऱ्हाणपूरची वाट धरणारा मनुष्य गोदावरी ओलांडल्यावांचून जात नाहीं. तेव्हां आपल्या परभणी प्रांताच्या आसपासूनच त्याचे बैल किंवा तट्टू गेले असले पाहिजेत. दुधनेच्या कांठच्या कोणा शेतकऱ्यानें त्याला पाणी पाजलें असेल काय, हा विचार माझ्या मनांत उगीचच येतो.

स्टीफन्स ह्यांचें खरें काम मात्र ह्या धामधुमींत नव्हतें. तें भाषेंत होतें. साष्टींत लोक घरीं कोंकणी बोलत, आणि वाचावयाचें, ऐकावयाचें व गावयाचें तें मराठींत. त्यांनीं दोन्ही भाषा शिकण्यास प्रारंभ केला. येऊन चारच वर्षें झालीं होतीं, तों २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास एक पत्र लिहिलें. येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांच्या घडणीशीं जुळते, असें त्यांत त्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. हीच गोष्ट पुढें सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं विद्वानांसमोर मांडली व तेथून तौलनिक भाषाशास्त्राचा उगम झाला असें आपण मानतों. दोनशें वर्षें आधीं तेंच एका खेडेगांवच्या पाद्रीसाहेबांस सुचलें होतें. पण पत्र युरोपांतील एका ग्रंथालयांत शतकानुशतकें कागदांच्या गठ्ठ्यांत राहिलें, आणि तें छापून लोकांसमोर येईपर्यंत विसावें शतक निम्मे सरलें होतें. कागद जपला जाणें व कागद वाचला जाणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें येथें प्रथम दिसतें.

ह्याच सुमारास, १५८४ सालीं, आपल्या गोदातीरीं पैठणास एकनाथमहाराज ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती समोर घेऊन शुद्ध पाठ ठरवीत बसले होते. तीनशें वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले चुकीचे शब्द काढून टाकण्याचें तें काम. एकीकडे नाथ जुनी पोथी शुद्ध करीत आहेत, आणि दुसरीकडे समुद्रकांठीं एक इंग्रज त्याच ओवीचे धडे गिरवीत आहे! दोघांची भेट झाली नाहीं, एकास दुसऱ्याचें नांवही ठाऊक नसेल. पण ओवी छंदाची जी वाट ज्ञानदेवांनीं घातली व नाथांनीं रुंद केली, तीच वाट स्टीफन्स ह्यांनीं पुढें धरली.

तें कसें घडलें, हें त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच सांगितलें आहे. चर्चमध्यें धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण उठला व त्यानें विनंती केली. तिचा आशय असा कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तीं आतां आम्ही वाचीत नाहीं. पण मग रिकाम्या वेळीं मन रमवावें तें कशांत? त्यांच्या जागीं दुसरें कांहीं पुराण तुम्ही आम्हांस कां देत नाहीं? मला हा प्रसंग साऱ्या चरित्रांत फार महत्त्वाचा वाटतो. एवढ्याशा प्रश्नांत एका समाजाची हळहळ भरलेली आहे. पोथ्या नेणाऱ्यांपैकीं कोणास ती ऐकूं आली नाहीं. स्टीफन्स ह्यांस ऐकूं आली. आज्ञापत्रानें मनुष्याच्या हातची पोथी काढून घेतां येते, पण संध्याकाळीं चार माणसांत बसून कथा ऐकण्याची भूक काढून घेतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें.

मग त्यांनीं बायबलांतील कथा घेऊन मराठी पुराण रचलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या पूर्वीपर्यंतची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. पहिल्याचे ३६ व दुसऱ्याचे ५९ मिळून ९५ अध्याय, आणि सुमारें अकरा हजार ओव्या. अध्यायाला त्यांनीं अवस्वर असें म्हटलें आहे. भाषा मराठी, पण तींत कोंकणी शब्द जागोजाग मिसळलेले. कारण ऐकणारे गोव्याचे होते. पहिल्याच अध्यायांत त्यांनीं मराठी भाषेची थोरवी उपमांची माळ गुंफून गायिली आहे, व ती आपल्या शाळांतून पुष्कळांस पाठ असते. परदेशांत जन्मलेल्या माणसानें तिशी उलटल्यावर शिकलेल्या भाषेंत अकरा हजार ओव्या लिहिणें म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्या विद्यार्थ्यास इंग्रजी निबंधाचीं दोन पानें लिहितांना घाम फुटतो त्यानें करून पाहावी.

ग्रंथ झाला, आतां तो छापावयाचा. गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता, हिंदुस्थानांतील तो पहिलाच. परंतु खिळे होते ते रोमन. आपली लिपि छापावयाची तर नुसत्या मुळाक्षरांनीं भागत नाहीं. क, का, कि, की असें बाराखडीचें प्रत्येक रूप, वर जोडाक्षरें. प्रत्येकास निराळा सांचा. स्टीफन्स ह्यांनीं १६०८ सालीं रोममधील आपल्या वरिष्ठांस लिहून ह्या भाषेचीं पुस्तकें तिच्याच लिपींत छापण्याची आपली उत्कट इच्छा कळविली. सुमारें सहाशें सांचे लागतील, हीच मोठी अडचण असल्याचें त्यांनीं स्पष्ट केलें, व वरिष्ठांनीं मनावर घेतल्यावांचून हें काम होणार नाहीं असेंही सुचविलें. तें झालें नाहीं. शेवटीं १६१६ सालीं रायतूर, म्हणजे राचोल, येथील जेझुइट विद्यालयाच्या छापखान्यांत पुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. स्टीफन्स ह्यांनीं त्यासाठीं लेखनाची एक पद्धति बसविली: ण, ळ, ट, ड असे मूर्धन्य वर्ण आले कीं रोमन अक्षर दोनदां लिहावयाचें. ती युक्ति गोव्यांत इतकी रुळली कीं रोमन लिपींत कोंकणी लिहिणारे लोक ती आजही चालवितात. मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनीं छापलेले पाहण्यास मात्र जगाला १८०५ सालापर्यंत थांबावें लागलें. त्या वर्षीं विल्यम कॅरे ह्यांचें मराठी व्याकरण बंगालमध्यें श्रीरामपूर येथें निघालें.

ग्रंथ निघाल्यावर तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, स्टीफन्स गोव्यांत निवर्तले. त्यांनीं कोंकणींत लिहिलेली धर्मप्रश्नोत्तरी १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं, दोन्ही त्यांच्या पश्चात्, रायतूर येथेंच छापण्यांत आलीं. हिंदुस्थानांतील देशी भाषांच्या छापील व्याकरणांत हें व्याकरण अगदीं आरंभींचें गणलें जातें. पुराणाच्या पुढच्या दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. चर्चमध्यें तें मोठ्यानें वाचलें जाई, घरोघर गायिलें जाई.

आणि मग दैवाचा फेरा पाहा. ज्या राजवटीनें जुनीं पुराणें बंद केलीं, तिची नजर पुढें देशी भाषेवरच गेली. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, गोव्याच्या लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. १७५९ सालीं खुद्द जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलुखांतून हद्दपार करण्यांत आलें. छापखाना त्यापूर्वींच थंड झालेला होता. पुस्तक वापरानें झिजतें, दमट हवेनें कुजतें, वाळवीस आवडतें. नवी आवृत्ति निघाली नाहीं तर तें पन्नास-पाऊणशें वर्षांत संपतें. तिन्ही आवृत्त्या अशा संपल्या. धर्मप्रश्नोत्तरीचें दैव थोडें बरें. तिची प्रत लिस्बनला राहिली होती, तिच्यावरून १९४५ सालीं मारियान साल्ढाणा ह्यांनीं तिची हुबेहूब प्रतिकृति छापली. पुराणाच्या छापील प्रतीला मात्र असा कोणी भेटला नाहीं.

पण पुराण मेलें नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत गोव्याचीं पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा जिल्ह्यांत, मंगळूरच्या बाजूस, जाऊन राहिलीं. जातांना भांडींकुंडीं नेलीं, तशी पुराणाची वहीही नेली. छापील प्रत फाटूं लागली कीं तिच्यावरून कोणी तरी हातानें नवी उतरून घेई. ती जुनी झाली कीं तिच्यावरून दुसरी. म्हणजे छापलेला ग्रंथ पुन्हां हस्तलिखित झाला! आपल्याकडे आधीं पोथी व मग पुस्तक असा क्रम. येथें तो उलटा झाला. अशा पांच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें पुराणाची आवृत्ति काढली. अडीचशें वर्षांनीं ग्रंथास पुन्हां छापखाना दिसला. लिपि अर्थात् रोमनच. महाराष्ट्रांतील वाचकांस स्टीफन्स ह्यांची खरी ओळख झाली ती ह्या आवृत्तीमुळें.

आतां लंडनच्या संग्रहाकडे वळूं. विल्यम मार्सडेन नांवाचे एक गृहस्थ १७५४ सालीं आयर्लंडांत जन्मले. सोळाव्या वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत सुमात्रा बेटावर गेले, तेथें आठ वर्षें राहिले, मलायी भाषा शिकले आणि परत येऊन त्यांनीं सुमात्राचा इतिहास लिहिला. पुढें ते इंग्लंडच्या आरमारी खात्याचे चिटणीस झाले. १८०५ सालीं ट्रफाल्गारच्या विजयाची व नेल्सनच्या मृत्यूची वार्ता घेऊन जासूद मध्यरात्रीनंतर लंडनला पोंचला, तेव्हां ती प्रथम ज्यांच्या कानीं घातली ते हेच. ह्या गृहस्थांस पौर्वात्य नाणीं व ग्रंथ जमविण्याचा नाद होता. नाणीं त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला दिलीं. आणि १८३५ सालीं, मरणापूर्वीं एक वर्ष, आपला सारा ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला देऊन टाकिला. पुढें लंडनमध्यें पौर्वात्य भाषांचें निराळें विद्यालय निघालें. तें १९१७ पासून चालूं लागलें, व लंडन विद्यापीठाचाच तें एक भाग आहे. मार्सडेनसंग्रहांतील पौर्वात्य ग्रंथ कालांतरानें तेथें आणून ठेवण्यांत आले. मराठीशीं मार्सडेन ह्यांचा असा विशेष संबंध नव्हता. परंतु त्यांच्या ठेव्यांत देवनागरी अक्षरांत लिहिलेलीं दोन मराठी बाडें होतीं: एकाचें नांव आदिपुराण, दुसऱ्याचें देवपुराण.

त्या बाडांची ओळख पटली ती डॉ. जस्टिन अॅबट ह्यांना. हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें महाराष्ट्रांत काढलीं होतीं आणि निवृत्त होऊन अमेरिकेस परतल्यावरही आपल्या संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणण्याचें काम चालविलें होतें. नाथांचें चरित्र त्यांनींच १९२७ सालीं इंग्रजींत आणलें. ओवी त्यांच्या कानांत मुरलेली होती. आदिपुराण व देवपुराण हे स्टीफन्सकृत पुराणाचेच दोन भाग आहेत, असें त्यांनीं १९२३ सालीं त्या विद्यालयाच्या नियतकालिकांत लेख लिहून जाहीर केलें. किंग्ज कॉलेजला दान मिळाल्यापासून अठ्ठ्याऐंशी वर्षें तीं बाडें विद्यापीठाच्या कपाटांत होतीं. ओळखणारा डोळा यावयाचा होता.

दोन्ही परंपरांचा मेळ घालतां एक मोठी मौज दिसून आली. रोमन प्रतींत धर्मविषयक पोर्तुगीज-लॅटिन शब्द ज्या ठिकाणीं आहेत, त्या ठिकाणीं देवनागरी प्रतींत पुष्कळदां संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबटसाहेबांचें मत पडलें कीं, स्टीफन्स ह्यांनीं मूळ लिहिलें तें असेंच देवनागरींत. छापतांना तें रोमन झालें. दुसरे अभ्यासक म्हणतात कीं, ही प्रत मागाहून कोणी तरी मराठी वाचकांसाठीं संस्कारून तयार केली. वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि मिटविण्याचा अधिकार माझ्यासारख्याचा नाहीं. परंतु १६०८ सालचें तें सांच्यांविषयींचें पत्र आठवलें म्हणजे माझें मन अॅबटसाहेबांच्या बाजूस झुकतें. ज्यानें त्या लिपीसाठीं वरिष्ठांस गळ घातली, त्यानें स्वतः ती लिहून पाहिली नसेल, हें पटत नाहीं. कसेंही असलें तरी हा वाद घालतां येतो तो दोन्ही प्रती जगल्या म्हणून. एकच जगती, तर प्रश्नच उरला नसता.

आपल्या मुलांस विद्यापीठाचें ग्रंथालय म्हटलें कीं परीक्षेच्या पुस्तकांचीं कपाटें डोळ्यांपुढें येतात. पण त्याचें दुसरें एक अंग असतें. कोणाचे खाजगी कागद, कोणाची पत्रें, कोणीं जमविलेल्या पोथ्या तेथें येतात. त्यांवर क्रमांक पडतो, यादींत नोंद होते, आणि दात्याचा संग्रह मोडून न टाकतां त्याच्याच नांवानें एकत्र ठेवतात. वाचक आज येवो कीं शंभर वर्षांनीं, बाड त्याच क्रमांकावर मिळतें. असाच एक ठेवा पोर्तुगालमध्यें ब्रागा शहरीं आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय आतां मिन्हो विद्यापीठाकडे असून त्यांत गोव्याहून गेलेलीं जुनीं हस्तलिखितें आहेत. त्यांत काय असावें? रामायण-महाभारतांतील कथा, रोमन अक्षरांत लिहिलेल्या, कांहीं कोंकणी गद्यांत व कांहीं मराठी पद्यांत! साष्टींत ज्या कथा वाचण्यास बंदी झाली, त्याच कथा धर्मगुरूंनीं भाषा शिकण्यासाठीं उतरवून घेतल्या होत्या. चर्चमध्यें उठलेल्या त्या ब्राह्मणाला ज्या पुराणांची चुटपुट लागली होती, तीं अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडे एका फडताळांत शिल्लक राहिलीं. जुन्या गोमंतकी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांस आज त्यांच्याकडेच जावें लागतें.

स्टीफन्स ह्यांचें पुराण देवनागरी अक्षरांत छापून निघालें तें शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनानें, १९५६ सालीं पुणें येथें. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तीनशें चाळीस वर्षांनीं. त्यानंतर १९९६ सालीं मुंबईस कारिदाद द्राग ह्यांनीं संपादिलेली दुसरी आवृत्ति निघाली. त्यामुळें आतां सेलूच्या विद्यार्थ्यासही त्या ओव्या स्वतःच्या लिपींत वाचतां येतात; आणि ज्यास ज्ञानेश्वरीची थोडी संवय आहे, त्यास गोमंतकी शब्दांपाशीं अडखळावें लागलें तरी चाल अनोळखी वाटत नाहीं. लंडनचीं दोन बाडें मार्सडेन ह्यांच्या नांवाखालीं आपल्या जागीं आहेत. रायतूरच्या छापखान्यांत १६१६ सालीं ओली शाई घेऊन बाहेर पडलेली ती पहिली रोमन प्रत मात्र अजून कोणास गवसलेली नाहीं. गोव्यांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, किंवा मंगळूरकडील एखाद्या पेटींत, बिनमुखपृष्ठाची, फडक्यांत बांधलेली ती पडलेली असेल, ह्या आशेनें शोधणारे अजून शोधीत आहेत.